आश्रयाचा अर्ज नाकारला गेल्यास न्यायालय काय तपासते?

परदेशातून जीव वाचवून आलेल्या व्यक्तीला राहण्याची परवानगी नाकारली गेली, तर तिच्यासमोर शेवटचा मार्ग उरतो तो न्यायालयाचा. हा मार्ग नेमका कोठवर नेतो, याविषयी मात्र अनेक गैरसमज आहेत. न्यायालय सर्व हकिगत नव्याने ऐकून स्वतःच व्हिसा देईल, अशी अर्जदाराची अपेक्षा असते. प्रत्यक्षात न्यायिक पुनर्विलोकनात न्यायालय नकाराचा निर्णय कायद्याने घालून दिलेल्या रीतीने घेतला गेला की नाही, एवढेच पाहते. हा फरक वेळीच लक्षात न आल्याने अर्जदारांचे मोठे नुकसान होऊ शकते. छत्तीसगडमधील भिलाई आणि तिचा दुर्ग जिल्हा यांच्या संदर्भात या प्रक्रियेची माहिती येथे दिली आहे.

भिलाई आणि स्थलांतरितांचा प्रदेश

भिलाई हे बाहेरून आलेल्या माणसांचे शहर आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या निमित्ताने विदर्भासह देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येथे आली व स्थायिक झाली. शहरातील मराठी वस्तीही त्याच काळात वाढली.

या परिसराचा निर्वासितांशी असलेला संबंध याहून वेगळा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. १९६० च्या दशकात रायपूरजवळील माना येथील छावणीत हजारो निर्वासितांना तात्पुरता आसरा मिळाला. आजच्या कांकेर जिल्ह्यातील पखांजूर परिसरात अनेक बंगाली कुटुंबे वसली. त्याच दशकात सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटच्या पठारावर तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. रायपूरमधील शदाणी दरबार या सिंधी समाजाच्या तीर्थस्थानाचे मूळ पाकिस्तानातील सिंध प्रांतातल्या हयात पिताफी येथे आहे. सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबांचा रायपूर परिसराशी संबंध राहिला, त्यास ही पार्श्वभूमी आहे.

या सर्वांना आसरा मिळाला तो सरकारच्या वेळोवेळीच्या निर्णयांमुळे. त्यामागे निर्वासितांचा हक्क सांगणारा एखादा सर्वसाधारण कायदा नव्हता, आणि तो आजही नाही.

भारतात ‘संरक्षण व्हिसा’ आहे काय?

‘संरक्षण व्हिसा’ ही संज्ञा ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातील आहे. भारतात या नावाचा व्हिसा नाही. निर्वासितांच्या दर्जाविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्यास जोडलेला १९६७ चा मसुदा यांवर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. परदेशी व्यक्तींचा प्रवेश, वास्तव्य आणि रवानगी यांचे नियमन दीर्घकाळ १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याने होत असे. १ सप्टेंबर २०२५ पासून ‘आप्रवासन व परदेशी नागरिक कायदा, २०२५’ अमलात आला आणि त्याने १९२०, १९३९, १९४६ व २००० सालच्या चार जुन्या कायद्यांची जागा घेतली. या नव्या कायद्यातही निर्वासित या संज्ञेची व्याख्या नाही.

संरक्षण व्हिसाशी सर्वांत जवळची भारतीय व्यवस्था म्हणजे दीर्घकालीन व्हिसा होय. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान या देशांतील अल्पसंख्याक समाजांच्या व्यक्ती, तसेच भारतीय नागरिकाशी विवाह करून येथे राहणाऱ्या पाकिस्तानी व बांगलादेशी महिला अशा काही वर्गांना तो दिला जातो. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या तीन देशांतून आलेल्या अल्पसंख्याक व्हिसाधारकांना बँक खाते उघडणे, राहण्यासाठी घर विकत घेणे, वाहन परवाना, पॅन आणि आधार क्रमांक मिळवणे अशा सवलती मंजूर केल्या. त्यामुळे या वर्गातील अर्जदाराला व्हिसा नाकारला गेला, तर वास्तव्याच्या परवानगीबरोबर कुटुंबाची उपजीविका आणि निवाराही धोक्यात येतो.

अन्य देशांतून आलेल्या व निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या व्यक्तींसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ डिसेंबर २०११ रोजी एक आदर्श कार्यपद्धती लागू केली. २०१९ मध्ये तिच्यात सुधारणा झाली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती प्रथमदर्शनी दिसून आल्यास, सुरक्षाविषयक पडताळणी करून अशा व्यक्तीस दीर्घकालीन व्हिसा देण्याची शिफारस गृह मंत्रालयाकडे करता येते. दावा मान्य न झाल्यास तिला स्थानबद्ध करून मायदेशी पाठवण्याची कारवाई सुरू होऊ शकते. ही कार्यपद्धती म्हणजे प्रशासकीय सूचना आहेत, संसदेने केलेला कायदा नव्हे. न्यायालयातील वादाचा बराचसा भाग या एका गोष्टीभोवती फिरतो.

दुर्ग जिल्ह्याचे विशेष स्थान

नागरिकत्वाच्या बाबतीत भिलाईच्या रहिवाशांसाठी २०२१ ची एक अधिसूचना महत्त्वाची ठरली. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार नोंदणी किंवा देशीयकरणाने नागरिकत्व देण्याचे अधिकार केंद्र सरकारकडे असतात. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. २०१८ मध्ये असे अधिकार सोपवलेल्या जिल्ह्यांत छत्तीसगडमधील रायपूर आणि महाराष्ट्रातील नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे यांचा समावेश होता. २८ मे २०२१ च्या अधिसूचनेने पाच राज्यांतील आणखी १३ जिल्ह्यांची त्यात भर पडली. त्यांत छत्तीसगडमधील दुर्ग आणि बलौदाबाजार हे दोन जिल्हे होते. अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती अर्जदारांपुरता हा अधिकार मर्यादित होता.

२०१९ चा नागरिकत्व सुधारणा कायदा ही वेगळी व्यवस्था आहे. तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजी जाहीर झाले. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या, वरील तीन देशांतील सहा समाजांच्या व्यक्तींना तिचा लाभ मिळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये निघालेल्या सवलत आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही निराळी तारीख आहे. या तारखेपर्यंत आलेल्या संबंधित व्यक्तींवर वैध पारपत्र वा व्हिसा नसल्याबद्दल दंडात्मक कारवाई होणार नाही, एवढाच त्या आदेशाचा अर्थ आहे. नागरिकत्वाची २०१४ ही मर्यादा त्याने बदललेली नाही. या दोन तारखांची गल्लत केल्यास अर्ज चुकीच्या तरतुदीखाली जाण्याचा धोका असतो.

नकारानंतरचे विभागीय उपाय

जिल्ह्याच्या पातळीवर परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे काम सामान्यतः पोलीस अधीक्षकांकडे असते. दीर्घकालीन व्हिसाचा अर्ज ऑनलाइन दाखल होतो, स्थानिक चौकशी पोलीस करतात आणि शिफारस वरिष्ठ कार्यालयांमार्फत पुढे जाते. नकार आल्यास फेरविचारासाठी लेखी निवेदन देणे ही पहिली पायरी होय.

नागरिकत्वाच्या अर्जाबाबत कायद्यातच उपाय दिलेला आहे. नागरिकत्व कायद्याच्या कलम १५ नुसार, केंद्र सरकारव्यतिरिक्त अन्य प्राधिकाऱ्याने दिलेल्या आदेशाविरुद्ध आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारकडे पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो. केंद्र सरकारच्या आदेशाविरुद्ध कलम १५-अ नुसार ३० दिवसांत पुनर्विलोकन मागता येते.

त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये मात्र एक कठोर तरतूद आहे. नोंदणी किंवा देशीयकरणाचा अर्ज मंजूर वा नामंजूर करताना कारणे देणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, आणि हा निर्णय कोणत्याही न्यायालयात प्रश्नास्पद करता येणार नाही, असे हे कलम सांगते. ते वाचून न्यायालयाचा दरवाजा बंद झाला असे वाटू शकते. परंतु संविधानाने उच्च न्यायालयांना आणि सर्वोच्च न्यायालयाला दिलेला पुनर्विलोकनाचा अधिकार साध्या कायद्याने काढून घेता येत नाही. एल. चंद्रकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा अधिकार संविधानाच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्याचे सांगितले. त्यामुळे निर्णय ‘अंतिम’ असला, तरी तो कायद्याच्या चौकटीत घेतला गेला की नाही, हे न्यायालय पाहू शकते.

न्यायिक पुनर्विलोकन म्हणजे काय?

अपील आणि पुनर्विलोकन या दोन भिन्न गोष्टी आहेत. अपिलात वरिष्ठ प्राधिकारी पुरावा पुन्हा तोलून स्वतःचा निर्णय देऊ शकतो. पुनर्विलोकनात न्यायालय निर्णयाकडे नेणारी प्रक्रिया तपासते. टाटा सेल्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले. निर्णय शहाणपणाचा आहे काय, हा प्रश्न तेथे गौण ठरतो.

भिलाईतील व्यक्तीसाठी यासंबंधीचे न्यायालय म्हणजे बिलासपूर येथील छत्तीसगड उच्च न्यायालय. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्याच्या निर्मितीबरोबर ते अस्तित्वात आले. त्यापूर्वी भिलाईकरांना जबलपूरला जावे लागे. संविधानाच्या अनुच्छेद २२६ नुसार तेथे रिट याचिका दाखल करता येते. चुकीचा आदेश रद्द करणारे प्राकर्षण, प्राधिकाऱ्याला कर्तव्य बजावण्यास सांगणारे महादेश आणि बेकायदा स्थानबद्धतेतून सोडवणारे देहोपस्थिती, म्हणजेच हेबिअस कॉर्पस, हे तीन प्राधिलेख या विषयात उपयोगी पडतात. एकल न्यायमूर्तींच्या निर्णयाविरुद्ध सामान्यतः खंडपीठाकडे, आणि त्यानंतर विशेष अनुमतीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते.

न्यायालय प्रामुख्याने पुढील प्रश्न विचारते. निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला तो देण्याचा अधिकार होता काय? कायदा व कार्यपद्धती यांत सांगितलेल्या गोष्टी त्याने विचारात घेतल्या काय? अर्जदाराविरुद्धची माहिती त्याला सांगून उत्तराची संधी दिली काय? निर्णय असंबद्ध कारणावर आधारलेला आहे काय? कोणताही सुबुद्ध अधिकारी देणार नाही इतका तो अवाजवी आहे काय? मनेका गांधी खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अनुच्छेद २१ मधील कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, असे ठरवले. तो खटला पारपत्र जप्त करण्याच्या आदेशातून उद्भवला होता. म्हणून प्रवास व वास्तव्य यांविषयीच्या वादांत तो आजही आधारभूत मानला जातो.

परदेशी व्यक्तीला या न्यायालयात उभे राहता येते काय, असाही प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. समानतेचा अनुच्छेद १४ आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ हे ‘कोणत्याही व्यक्तीस’ लागू होतात. भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा अनुच्छेद १९ मधील हक्क मात्र केवळ नागरिकांना आहे. पुढील सर्व निकाल या दोन हक्कांमधील अंतरातून निर्माण झाले आहेत.

निकालांचे दोन प्रवाह

पहिला प्रवाह सरकारच्या अधिकाराला अग्रक्रम देतो. हान्स म्युलर खटल्यात १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार निरंकुश असल्याचे म्हटले. १९३७ पासून भारतात राहिलेले बेल्जियन धर्मोपदेशक लुई द राट यांना देश सोडण्यास सांगण्यात आले, तेव्हा १९९१ मध्ये न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. परदेशी व्यक्तीचा मूलभूत हक्क जीवित व स्वातंत्र्यापुरता मर्यादित असून त्यात वास्तव्याचा हक्क येत नाही, असे त्या निकालात सांगितले आहे. मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळ व्यक्तीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने, जगभरातील निर्वासितांना सामावून घेणारी धर्मशाळा भारत होऊ शकत नाही, अशा आशयाचे मत व्यक्त करून हस्तक्षेप नाकारला.

दुसरा प्रवाह जीविताच्या हक्काकडून निघतो. १९९४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने मान्यता दिलेल्या एका इराणी व्यक्तीला इराणमध्ये परत न पाठवता अन्य देशी जाऊ देण्याचा मार्ग मोकळा केला. १९९६ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील सुमारे ६५ हजार चकमा लोकांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश राज्याला दिला. त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज स्थानिक कार्यालयात अडकले होते. ते अडवून न ठेवता केंद्राकडे पाठवावेत, असेही न्यायालयाने बजावले. नागरिकत्व द्यावे असे न्यायालयाने म्हटले नाही. अर्जावर विचार झालाच पाहिजे, एवढे मात्र ठामपणे सांगितले.

गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये भूज येथे स्थानबद्ध असलेल्या दोन इराकी नागरिकांच्या प्रकरणात, जेथे जीविताला धोका आहे तेथे परत न पाठवण्याचे तत्त्व अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्यानमारमधील दोन चिन निर्वासितांबाबत हीच भूमिका घेतली. त्यांनी अमली पदार्थविषयक गुन्ह्यातील शिक्षा भोगली होती. तरीही त्यांना परत पाठवण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकावे आणि उच्चायुक्तालयाशी विचारविनिमय करून तिसऱ्या देशाची शक्यता तपासावी, असे न्यायालयाने सांगितले. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने लष्करी उठावानंतर म्यानमारमधून आलेल्या सात जणांना उच्चायुक्तालयाकडे दाद मागण्यासाठी दिल्लीला सुखरूप जाऊ देण्याचा आदेश दिला.

या दोन प्रवाहांची गाठ ८ एप्रिल २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात पडते. जम्मूत स्थानबद्ध असलेल्या रोहिंग्यांविषयीचा हा आदेश सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने दिला. मूळचे नागपूरचे असलेले न्या. बोबडे तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. हद्दपार न होण्याचा हक्क हा वास्तव्याच्या हक्काशी जोडलेला असून तो नागरिकांपुरताच आहे, असे सांगून पीठाने अंतरिम दिलासा नाकारला. त्याच वेळी विहित कार्यपद्धती पाळल्याखेरीज त्यांना परत पाठवता येणार नाही, असेही नमूद केले. संरक्षण किमान किती मिळते, याचे सर्वोच्च न्यायालयाने दिलेले उत्तर या एका वाक्यात सामावलेले आहे.

निर्णय प्रलंबित असताना

प्रक्रियेतील विलंबाचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हे २०२५ मध्ये दिसून आले. २२ एप्रिल रोजी पहलगाम येथे झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर केंद्र सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेले दीर्घकालीन व्हिसा वैध राहतील, असा खुलासा त्यानंतर करण्यात आला.

जम्मूतील एका महिलेवर मात्र बिकट प्रसंग ओढवला. भारतीय पतीसमवेत सुमारे ३८ वर्षे तेथे राहणाऱ्या या साठीच्या पुढील महिलेचा दीर्घकालीन व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित होता. तो निकाली निघण्यापूर्वीच तिला सीमेपलीकडे पाठवण्यात आले. ६ जून २०२५ रोजी जम्मू-काश्मीर व लडाख उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी तिला परत आणण्याचा आदेश दिला. केंद्राने त्यास आव्हान दिले. खंडपीठाने आदेशास स्थगिती दिली. पुढे तिला अभ्यागत व्हिसा देण्याचा निर्णय घेतल्याचे सरकारने न्यायालयाला सांगितले. या प्रकरणात दावा खोटा ठरला नव्हता. अर्जावर निर्णयच झाला नव्हता. सीमा ओलांडली गेल्यावर न्यायालयाचा आदेशही अमलात आणणे किती कठीण होते, याचे हे उदाहरण आहे.

ऑस्ट्रेलियातील व्यवस्था

मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी असलेल्या कुटुंबांना ‘संरक्षण व्हिसा’ ही संज्ञा अधिक परिचित असते. ऑस्ट्रेलियात १९५८ च्या स्थलांतर कायद्यात या व्हिसाच्या अटी दिलेल्या आहेत. गृह व्यवहार विभागाने नकार दिल्यास प्रकरणाची गुणवत्ता पुन्हा तपासण्यासाठी ‘प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरण’ आहे. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याने जुन्या प्रशासकीय अपील न्यायाधिकरणाची जागा घेतली. तेथे अर्जदाराची हकिगत नव्याने ऐकली जाते. न्यायाधिकरणानेही नकार दिला, तरच प्रकरण साधारणतः न्यायालयात जाते.

त्या निर्णयाच्या तारखेपासून ३५ दिवसांच्या आत फेडरल सर्किट व कौटुंबिक न्यायालयाच्या दुसऱ्या विभागात अर्ज करावा लागतो. न्यायहितासाठी मुदत वाढवून मिळू शकते, पण ती गृहीत धरता येत नाही. येथे ‘अधिकारकक्षेची चूक’ दाखवावी लागते. उदाहरणार्थ, न्यायाधिकरणाने दाव्यातील महत्त्वाचा भाग विचारातच घेतला नाही, किंवा कायद्याची कसोटी चुकीची लावली. याचिका मान्य झाल्यास व्हिसा मिळत नाही. प्रकरण फेरविचारासाठी न्यायाधिकरणाकडे परत जाते. खटला चालू असताना देशात कायदेशीर राहण्यासाठी ब्रिजिंग व्हिसाची व्यवस्था स्वतंत्रपणे पाहावी लागते.

भारतातील कलम १४ सारखा प्रश्न तेथेही उद्भवला होता. २००१ मध्ये कायद्यात बदल करून स्थलांतरविषयक निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा प्रयत्न झाला. फेब्रुवारी २००३ मध्ये ‘एस-१५७’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, अधिकारकक्षेच्या चुकीने दूषित झालेला निर्णय कायद्याच्या दृष्टीने निर्णयच नसतो, त्यामुळे त्यास अंतिमतेचे कवच मिळत नाही, असे ठरवले.

दोन्ही देशांतील मुख्य भेद असा की, ऑस्ट्रेलियात न्यायालयापूर्वी गुणवत्तेवर फेरतपासणी करणारे स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. भारतात असे न्यायाधिकरण नाही. त्यामुळे येथे पहिल्या अर्जाचे व पहिल्या मुलाखतीचे महत्त्व अधिक आहे.

याचिका करताना लक्षात घ्यावयाच्या बाबी

पहिली बाब म्हणजे अभिलेख. न्यायालय सामान्यतः अधिकाऱ्यापुढे जे कागद होते, त्यांच्या आधारे निर्णय तपासते. मूळ अर्जात न मांडलेली घटना याचिकेत प्रथमच सांगितल्यास तिचा उपयोग मर्यादित राहतो. म्हणून छळाच्या घटना, तारखा, ठिकाणे आणि उपलब्ध पुरावे पहिल्याच टप्प्यावर लेखी स्वरूपात सादर करून त्यांची पोच घ्यावी.

दुसरी बाब म्हणजे वेळ. रिट याचिकेसाठी कायद्यात दिवसांची ठरावीक मर्यादा नसली, तरी असमर्थनीय विलंब झाल्यास न्यायालय दखल घेण्यास नकार देऊ शकते. विभागीय उपायांची ३० दिवसांची मुदत मात्र निश्चित आहे.

तिसरी आणि तातडीची बाब म्हणजे स्थगिती. याचिका दाखल केल्याने रवानगी आपोआप थांबत नाही. त्यासाठी अंतरिम आदेशाचा स्वतंत्र अर्ज करून तातडीच्या सुनावणीची विनंती करावी लागते.

चौथी बाब म्हणजे विधी साहाय्य. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातील कलम १२ महिला, बालके आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत विधी सेवेचा हक्क देते. हे कलम ‘प्रत्येक व्यक्ती’विषयी बोलते. त्यात नागरिकत्वाची अट नाही. जिल्हा पातळीवरील विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि उच्च न्यायालयातील समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो.

पाचवी बाब म्हणजे सत्यकथन. छळाची बनावट कहाणी सांगून केलेला अर्ज भारतात किंवा परदेशात उघडकीस आल्यास पुढील प्रत्येक अर्जावर संशयाची छाया पडते. चांगल्या उत्पन्नाची अपेक्षा हे संरक्षण मागण्याचे कारण होऊ शकत नाही.

यश म्हणजे काय?

याचिका मान्य होणे म्हणजे बहुतेक वेळा आदेश रद्द होऊन प्रकरण त्याच कार्यालयाकडे परत जाणे. अधिकारी या वेळी अर्जदाराचे म्हणणे ऐकेल, कारणे देईल, आणि कदाचित पुन्हा नकारही देईल. हे यश अपुरे वाटले, तरी त्याचे मोल कमी नाही. फेरविचार होईपर्यंत व्यक्तीला सीमेपलीकडे पाठवले जात नाही, मुलांची शाळा आणि घरातील मिळकत चालू राहते, आणि नकार द्यायचा झाल्यास तो कारणांसह द्यावा लागतो.

निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा होईपर्यंत भारतात या विषयाची सूत्रे प्रशासनाच्या हाती राहतील. राहू द्यावे की नाही, हे सरकार ठरवील. ते ठरवताना संबंधित व्यक्तीचे म्हणणे ऐकले गेले काय, तिच्या जीविताच्या धोक्याचा विचार झाला काय, एवढे दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार न्यायालयांनी आपल्याकडे राखला आहे. दुर्गच्या कार्यालयात पहिला अर्ज भरणाऱ्या व्यक्तीने या दोन प्रश्नांची उत्तरे देणारे कागद त्याच दिवशी जोडले, तर पुढे बिलासपूरला जाण्याची वेळ आलीच तरी तिची बाजू भक्कम राहील.